पुण्याच्या कसबा पेठेतला वाडा पाडायच्या आधी नोंदवून घेतला, त्या सर्व्हिसचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

ज्यांचा पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय किंवा जाणार जाणार म्हणून वर्षानुवर्षं नुसत्या मीटिंगा चालल्यात त्यांच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांनी पुढे गेलं तरी चालेल. लांबलंय, आधीच सांगते.

सर्व्हिस काय आहे ते आधी. छोटी टीम आहे, दोन आर्किटेक्ट पोरं (एक मुलगी, एक मुलगा, दोघं तिशीच्या आतले), एक फोटोवाला आणि मोडी वाचणारे एक रिटायर्ड काका. वाडा पाडायच्या आधी येऊन हे लोक मापं घेतात, नकाशे काढतात, फोटो काढतात, घरात असतील नसतील ते जुने कागद स्कॅन करतात, मोडी असेल तर देवनागरीत उतरवून देतात आणि वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून रेकॉर्डिंग करतात. शेवटी एक जाडजूड पुस्तक आणि एक हार्डडिस्क आपल्या हातात. नाव मुद्दामच लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पेठेत दोन जणांना विचारलंत तर तिसरा आपणहून नंबर देईल.

आमचा वाडा कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. एकेकाळी दोन चौकांचा होता, मागचा चौक पानशेतच्या पुरात बसला तो परत कुणी उभा केला नाही, तिथं पत्रे टाकून गाळे निघाले. आम्ही मालक नाही, भाडेकरू. आजेसासऱ्यांपासूनचं बिऱ्हाड, दोन खोल्या आणि अर्धी पडवी. भाडं किती होतं ते सांगितलं तर हसाल, आणि भाडं कायद्यानं तिथंच गोठलं म्हणून मालकांनी छपराचं एक कौल बदललं नाही हेही तितकंच खरं. त्यांना परवडत नव्हतं, आम्हाला सोडवत नव्हतं आणि वाडा मधल्यामध्ये वाकत गेला. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस लागायची, ती वाचायची आणि परत आत जाऊन कुकर लावायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठेचं मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि बिल्डर लोकांच्या फेऱ्या एकदम वाढल्या. मग काय, करार झाला, सह्या झाल्या.

ही आयडिया पुढच्या सोप्यातल्या काकांच्या नातवाची. त्याचं म्हणणं की फोटो सगळ्यांच्याच मोबाइलमधे आहेत पण कुठल्या फोटोत कोण आहे हे सांगणारी दोनच माणसं उरलीयेत वाड्यात, त्यातली एक म्हणजे माझ्या सासूबाई. पंचेचाळीस हजार कोटेशन आलं. निम्मे मालकांनी दिले, उरलेली वर्गणी काढली. गणपतीची वर्गणी देताना खळखळ न करणारे लोक इथं मात्र "एवढे पैसे कशाला, माझा भाचा फोटो चांगले काढतो" वगैरे करत होते. शेवटी जमले.

आता मुद्द्याचं. पहिल्या भेटीनंतर त्यांनी कच्चा नकाशा पाठवला, ग्रुपवर टाकला, सगळे खूष, वा वा, अंगठे. सासूबाईंना दाखवला, त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "यात मी कुठंय?" खरंच नव्हत्या. पोरांनी वाडा बांधला तेव्हा कसा असेल तसा काढला होता. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर, माडी, सगळं अगदी देखणं. पण नंतर टाकलेल्या फळ्यांच्या भिंती, पडवी बंद करून केलेलं आमचं स्वयंपाकघर, जिन्याखालची शिंप्यांची खोली जिथं चार पोरं मोठी झाली, हे सगळं "नंतरची भर" म्हणून उडवलेलं. त्यांच्या शिक्षणात तसं शिकवत असतील, मूळ वास्तू काय ती शोधा आणि बाकीचं झाडून टाका. पण त्या हिशोबानं वाड्यात फक्त बांधणारा राहिला आणि त्यानंतर शंभर वर्षं जी बारा बिऱ्हाडं नांदली ती गायबच की.

मी फोन केला, जरा तापूनच. त्या मुलीला मात्र मानलं पाहिजे, तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या वेळेला आली ती वेगळा कागद घेऊन, आणि प्रत्येक खोलीत कोण, कधीपासून, चूल कुठं, पाण्याचं पिंप कुठं, बाळंतिणीची खाट कुठं टाकायची असं सगळं विचारत बसली. आता पुस्तकात दोन्ही नकाशे समोरासमोरच्या पानांवर आहेत, डावीकडे बांधला तेव्हाचा, उजवीकडे १९६० च्या सुमाराचा भरलेला वाडा, बिऱ्हाडांच्या आडनावांसकट. माझ्या मते पंचेचाळीस हजारातले तीस हजार त्या उजव्या पानाचे. तुम्ही कुणाकडूनही करून घ्या, फुकट करा, विकत करा, पण हे उजवं पान मागा.

मुलाखती. इथं त्यांना पैकीच्या पैकी. मला वाटलेलं "आजी, जुन्या काळाबद्दल काहीतरी सांगा ना" टाइप प्रश्न असतील, त्यावर आमच्या आई (म्हणजे सासूबाईच) काय सांगणार, पूर्वी सगळं छान होतं, स्वस्ताई होती, संपलं. पण त्या मुलीनं पहिलाच प्रश्न टाकला की सकाळी उठल्यावर पहिलं दार कुठलं उघडायचात.

"पहिलं ना, मोरीचं. दिंडीचा आडणा काढायचा मान तात्यांचा. त्यांच्या आधी कुणी काढला तर दिवसभर बोलणी."

"आणि मोरीचं पाणी कुठं जायचं?"

"शिंपिणीच्या दारावरनं. त्यावरनंच तर भांडणं व्हायची." आणि मग जी टकळी सुरू झाली ती दीड तास. कुठली भांडणं कुठल्या बिऱ्हाडाशी, हळदीकुंकवाला कुणाला आधी बोलवायचं, संडासाच्या रांगेत डबा ठेवून नंबर कसा लावायचा, गौरी कुणाच्या उभ्याच्या आणि कुणाच्या खड्यांच्या. चौकातल्या आडाचं पाणी धुण्याभांड्याला आणि त्यांच्या सासूबाईंच्या वेळेला नळाचं पाणी गेलं की प्यायच्या पाण्यासाठी फडके हौदापर्यंत चालत. मी इतकी वर्षं या घरात आहे, मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. कात्रजच्या तलावातनं नानासाहेब पेशव्यांनी दगडी नळ आणला, तो नुसत्या उतारावर शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणायचा हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, पण हौद ते घर हे शेवटचं अंतर बायकांच्या कमरेवरनं यायचं ते कुठल्या पुस्तकात सहसा सापडत नाही, इथं सापडलं.

पानशेतचं पण तसंच. १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यात कुणालाही झोपेत विचारा. आईंच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं नव्हतं. त्या सांगतात, पाणी नदीकडून येणार म्हणून सगळे नदीच्या बाजूला बघत राहिले आणि ते आलं मागच्या गटारातनं, वर वर. मग म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माडीवर, तिथनं शेजारच्या गच्चीत. सासरे एका छापखान्यात खिळे जुळारी होते, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं (खिळे) जुळवणारे. छापखाना शनिवारात, अख्खा पाण्यात गेला. पाणी उतरल्यावर खिळ्यांच्या सगळ्या खणांच्या पेट्यांमधले खिळे चिखलातनं उपसून, धुवून, वाळवून, एकेक अक्षर परत आपापल्या खणात टाकायचं, हे काम महिनोन् महिने चाललं आणि तेवढे दिवस पगार अर्धा. धरण का फुटलं, किती पाणी आलं, गोखलेनगर आणि सहकारनगरात पूरग्रस्तांच्या वसाहती कशा झाल्या यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण "र" आणि "ऱ्य" चे खिळे धुताना बोटं फुटायची हे मी पहिल्यांदा ऐकलं. चौकातल्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, कुणीतरी खिळ्यानं तारीख कोरलेली, वर चुन्याचे थर चढलेले. फोटोवाल्यानं बॅटरी आडवी धरून असा फोटो काढलाय की तारीख स्पष्ट वाचता येते, आणि ती रेघ जोत्यापासून किती उंचीवर ते मापून नकाशातपण दाखवलंय. भिंत गेली, आकडा राहिला.

जुन्या फोटोंची पद्धतपण आवडली. ग्रुप फोटोवर ट्रेसिंगचा कागद ठेवायचा, प्रत्येक डोक्याला नंबर, आणि शेजारी नंबराप्रमाणे नावं. साधीच गोष्ट आहे पण घरोघरी अल्बममधे काय असतं, मागे पेन्सिलीनं "लग्न, कसबा" एवढंच. कुणाचं लग्न ते देवाला ठाऊक. आईंनी एक बाई तर चेहरा पुसट असताना नुसत्या कुड्यांवरनं ओळखली, "या कुड्या माझ्या थोरल्या जावेनं नंतर मोडल्या". ते वाक्यपण नंबर सातच्या पुढे जसंच्या तसं छापलंय.

मोडीवाले काका हे वेगळंच प्रकरण. मालकांच्या माळ्यावर एक रुमाल बांधलेला दप्तराचा गठ्ठा होता, पुरातनं वाचला तो माळ्यावर होता म्हणूनच. मालकांच्या घरात कायम एकच गोष्ट सांगायचे की ही जागा पेशव्यांनी आमच्या पूर्वजांना इनाम दिली. हेरिटेज वॉकवाले आमच्या दिंडीपुढे थांबून "हा एक टिपिकल पेशवेकालीन वाडा" म्हणायचे तेपण बहुतेक त्यावरनंच. काकांनी गठ्ठा उघडला, भिंग लावलं, आणि अर्ध्या तासात सांगितलं की हे खरेदीखत आहे, स्टँपपेपरवर, फसली (जुनं महसुली साल) १३०२. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १८९२-९३. पडका चौथरा आणि आड असलेली जागा रोख रुपये मोजून विकत घेतलीये आणि वर नवीन बांधणार असं लिहिलंय. म्हणजे पेशवाई जाऊन सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाल्यावर.

मालकांच्या आत्याबाईंनी त्या दिवशी दुसरा चहा आणलाच नाही. काका शांत. म्हणाले, "वहिनी, इनामाचा कागद असेल तर पेशवे दफ्तरात नोंद सापडू शकते, तिथं बघा. या रुमालात तरी नाहीये." पैसे देणाऱ्या माणसाच्या तोंडावर हे बोलायला धमक लागते. आजकाल पुण्यात कुठलीही लाकडी तुळई दिसली की पेशवेकालीन, मिसळपण पेशवेकालीन करतील उद्या. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालची, पेशवाई संपली १८१८ ला, आणि पेठांत आज जे वाडे आपण पेशवेकालीन म्हणून दाखवतो त्यातले बरेचसे पुढच्या शंभर वर्षांतले. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे मला कळत नाही. उलट आमच्या रुमालातली सगळ्यात भारी वस्तू इनाम वगैरे नाहीच, ती प्लेगच्या वर्षांतली खर्चाची वही आहे. १८९७ चा प्लेग, रँड, चापेकर हे सगळं शाळेत झालंय. इथं मात्र तट्टे इतके, बांबू इतके, सुंभ, गाडीभाडं, गावाबाहेर झोपडी बांधायची मजुरी, रॉकेल, आणि मधेच एका ओळीत "चि. बाळी वारली, लाकडे" आणि पुढे रक्कम. त्याच्या खालच्या ओळीत परत तांदूळ. काकांनी हे पान वाचून दाखवलं तेव्हा आत्याबाईपण येऊन बसल्या. पुस्तकात हे पान मूळ मोडी आणि खाली देवनागरी असं आहे, एकही शब्द सुधारलेला नाही, न लागलेल्या शब्दांच्या जागी टिंबं आहेत. अंदाजपंचे भरलं नाही याचे वेगळे मार्क.

तांबट आळीचं रेकॉर्डिंग हे पॅकेजमधे नव्हतं, त्यांनी आपणहून केलं. आमच्या माडीच्या खिडकीत माइक लावून सकाळपासून ठोके रेकॉर्ड केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तांब्याचं भांडं आकाराला आलं की त्यावर हातोडीनं ओळीनं ठोके मारत जातात, त्याला मठारणं म्हणतात, त्यानं पत्रा टणक होतो आणि ती चमचम येते. पूर्वी बंब, हंडे, घागरी, आता जास्त करून हॉटेलवाल्यांना आणि गिफ्टला लागणाऱ्या वस्तू. आवाज आता पूर्वीइतका नाही. आई म्हणतात पूर्वी दुपारी झोपायची सोय नव्हती, कुणाकडे आजारी माणूस असेल तर पोराला पाठवून सांगायचं, काका जरा थांबा. फाइल ऐकलीत तर मधे रिक्षाचा हॉर्न आहे, कुकरची शिट्टी आमचीच आहे. त्यांनी ते एडिट करून काढलं नाही ते बरं केलं.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी, फॉन्ट. पुस्तकाची पीडीएफ जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात केलीय. छापलेलं पान सुंदर दिसतं, पण पीडीएफमधे "फडके हौद" सर्च केलं तर शून्य. कॉपी करून पेस्ट केलं तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. अहो, हे सगळं करायचं कशासाठी, उद्या कुणाला आपलं आडनाव शोधायचं असेल तर त्याला सापडावं म्हणूनच ना? दोनशे पानं काय पहिल्यापासून चाळत बसायची? खिळे जुळाऱ्याच्या घरचं पुस्तक आणि नेमकी अक्षरंच गंडलेली. विचारलं तर म्हणाले डीटीपीवाले काका जुन्या सॉफ्टवेअरवर करतात, त्यांना तेच जमतं. मग टाइप केलेल्या मुलाखती तरी युनिकोडमधे द्या म्हटलं, देतो म्हणालेत, अजून आलेल्या नाहीत.

दुसरी, न विचारता व्हिडिओ टाकणं. आईंची संडासाच्या रांगेची क्लिप त्यांनी त्यांच्या इन्स्टावर टाकली, म्युझिक लावून. हजारो लाइक, खाली कमेंटमधे "आजी रॉक्स". आईंना नातवानं दाखवली तर त्यांना आधी मजा वाटली आणि मग लक्षात आलं की त्यात शिंपिणीबद्दल बोललेलंपण आहे आणि तिची मुलगी अजून कोथरूडला आहे. फोन केल्यावर दहा मिनिटांत काढली, माफी मागितली, पण मुळात विचारायला काय झालं होतं. आता सही घ्यायचा फॉर्म करतोय म्हणाले. तुम्ही आधीच लेखी ठरवा, काय घरात राहणार आणि काय बाहेर जाणार.

तिसरी, वेळ. पावसाळ्याआधी पुस्तक देतो म्हणाले, दिवाळी अंक येऊन शिळे झाले तेव्हा आलं. मोडी काका एकटेच आहेत आणि त्यांच्याकडे रांग आहे हे मान्य, पण मग तारीख देऊ नका ना.

आणि पहिलं प्रकरण. तीस पानं नुसती कसबा पेठेची महती. जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवला, कसबा गणपती, लाल महाल, १६६३ ची शाहिस्तेखानाची बोटं, मग शनिवारची मुर्तजाबाद, रविवारची मलकापूर, सोमवारची शहापूर ही पेठांची जुनी नावं. सगळं बरोबर आहे, पण हे चौथीपासून पाठ आहे हो, आणि पेठेवरच्या कुठल्याही पुस्तकात मिळतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच प्रकरण चिकटवत असणार असा माझा दाट संशय आहे. त्यापेक्षा आमच्या आळीतली दुकानं कुठली कधी बंद झाली एवढी एक यादी दिली असती तरी चाललं असतं. किंवा बाहुलीच्या हौदासारखी गोष्ट घ्यायची, जी आमच्याकडे दोन बिऱ्हाडांत दोन तऱ्हांनी सांगतात. डॉ. विश्राम रामजी घोले मुलीला शिकवत होते म्हणून चिडलेल्या कुणीतरी त्या पोरीला काचा घातलेला लाडू खायला दिला असं एकीकडे, आणि दुसरीकडे नुसतंच पोरीच्या आठवणीत बांधला एवढंच. कोण कशी सांगतं हे लिहून ठेवण्यासारखं होतं, राहिलं.

फुकटात काय होऊ शकतं असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. हेरिटेज वॉक जरूर करा, शनिवारवाडा, नाना वाडा, विश्रामबाग, तुळशीबाग, मंडई असं बघून होतं आणि चांगले माहितगार असतात, पण तो शहराचा इतिहास झाला, तुमच्या जिन्याखालच्या खोलीचा नाही. फेसबुकवरच्या जुन्या पुण्याच्या पेजवर फोटो टाकून "कुणाला ओळखता येतंय का" विचारलं तर कधीकधी सोनं मिळतं, पण तिथं तोच फोटो तीन वेगळ्या चौकांच्या नावानं फिरतो. सिटी सर्व्हेचा उतारा मात्र नक्की काढा, मालकांची नावं आणि वाटण्या कळतात. मोडी कागद असतील तर भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, १९१० पासून हेच काम चाललंय तिथं, आणि मोडी शिकायचीच असेल तर पुण्यात वर्ग पण निघतात, आमच्या नातवानं नाव घातलंय. मुलाखत तर मोबाइलवरपण होते. प्रश्न मात्र मोरीपासून सुरू करा, "आठवणी सांगा" म्हणू नका.

कागद नसतील, बोलणारं माणूस नसेल, फक्त नक्षीचे खांब असतील तर मात्र एवढे पैसे घालू नका असं मी म्हणेन. खांब नाहीतरी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथनं कुठल्यातरी रिसॉर्टला. आमचे चार गेले, पाचवा बिल्डर लॉबीत लावणार आहे म्हणे, "हेरिटेज टच" म्हणून. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा अख्खा जळाला, आज बुधवार चौकात उभं राहून वाडा कुठं होता म्हणून विचारलंत तर लोक तुमच्याकडेच बघतील. भिडेवाड्यात १८४८ ला मुलींची शाळा निघाली, एवढा मोठा इतिहास, तरी वर्षानुवर्षं ती इमारत खिळखिळी होत राहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडलीच. आमच्या वाड्यासाठी कुणी कोर्टात जाणार नव्हतं, स्मारक तर लांबच, त्यामुळं कागदावर जे उतरलं तेवढंच.

देणार असाल तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या. भाडेकरूंचा नकाशा वेगळा पाहिजे, मजकूर युनिकोडमधे पाहिजे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मुलाखती आधी, मापं मागनं. आमच्या वरच्या माडीवरचे अण्णा मापं चालू असताना दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, त्यांची मुलाखत पुढच्या आठवड्यात ठरलेली होती, भिंती तर अजून चार महिने जागेवरच होत्या. आणखी एक, हार्डडिस्क एकच देतात. लगेच दोन कॉप्या करून दोन वेगळ्या घरी ठेवा. स्कॅन ६०० डीपीआयला टिफमधे आहेत, उत्तम आहेत, वॉटरमार्कशिवाय मागून घ्या नाहीतर प्रत्येक आजोबांच्या कपाळावर यांचा लोगो.

एकंदर पाचपैकी चार. मोडी काका आणि ती मुलगी यांना सहा दिले असते. एक कापला तो फॉन्टचा. मुलाखती युनिकोडमधे पाठवल्यात की रिव्ह्यू एडिट करते, हे ते वाचतायत मला माहितीये.